पायगाडीपासून दुचाकीपर्यंत : पुणे शहरातील सायकलस्वार आणि रस्त्यावरील त्याचे स्थान – एक ऐतिहासिक विवेचन

विषयप्रवेश

'सायकलींचे शहर' ही पुण्याची ओळख विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली आणि ती पुढे तीन-साडेतीन दशके टिकली. 'विद्येचे माहेरघर' किंवा 'पेन्शनरांचे गाव' या बिरुदांप्रमाणेच हे बिरुदही आज प्रामुख्याने स्मरणरंजनाचा विषय बनले आहे. जुन्या पुण्यासंबंधी लिहिताना सायकलींचा उल्लेख एक हळवी खूण म्हणून येतो आणि तेथेच संपतो. प्रस्तुत निबंधाचा हेतू तो नाही. या ओळखीच्या पोटात दडलेल्या एका विसंगतीचा ऐतिहासिक अंगाने शोध घेणे, एवढ्यापुरताच हा प्रयत्न मर्यादित आहे.

ती विसंगती अशी. ज्या काळात पुण्यात सायकलस्वारांसाठी म्हणण्यासारखा एकही स्वतंत्र मार्ग नव्हता, त्या काळात शहराचे रस्ते सायकलींनी भरलेले असत. आणि ज्या काळात सायकलमार्ग बांधण्यासाठी धोरणे आखली गेली, निधी उपलब्ध झाला, रंगीत पट्टे आखले गेले, त्या काळात रोजच्या कामासाठी सायकल वापरणारा माणूस रस्त्यावरून दिसेनासा होत गेला. याचे स्पष्टीकरण सामान्यतः 'लोकांच्या हाती पैसा आला, सायकल मागे पडली' असे एका वाक्यात दिले जाते. हे स्पष्टीकरण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, सायकलस्वारांची संख्या सर्वांत मोठी होती तेव्हाही नगरप्रशासनाने त्याच्याकडे करदाता आणि नियमभंग करणारा या दोनच नात्यांनी पाहिले. रस्त्यावर हक्क असलेला नागरिक म्हणून त्याची नोंद कधी झाली नाही. परिणामी रस्त्याचा वेग बदलू लागला तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारा एकही नियम, एकही नकाशा अस्तित्वात नव्हता.

पायगाडीचे आगमन

इंग्लंडमध्ये १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने दोन समान चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. या घटनांचे पडसाद मराठी मुलखात उमटण्यास फार काळ लागला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक असताना तेथून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत, ही किर्लोस्कर उद्योगाच्या आरंभाची हकिकत सर्वश्रुत आहे. लोखंडी नांगराच्या आधी या घराण्याने सायकल विकली. मराठी उद्योजकतेच्या इतिहासात या क्रमाला जितके महत्त्व दिले जावयास हवे तितके दिले गेले नाही, असे वाटते.

आरंभी सायकल ही युरोपियन अधिकारी, वकील, डॉक्टर आणि हौशी सरदार यांच्यापुरती मर्यादित होती. १९२० नंतर ती कारकून, शिक्षक, तारवाला, पोलीस शिपाई आणि विद्यार्थी यांच्यापर्यंत पोहोचली. रॅले, बी.एस.ए., हंबर, हर्क्युलिस ही नावे मराठी घरांत भांड्याकुंड्यांच्या नावांइतकीच परिचित झाली. दुसऱ्या महायुद्धात आयातीवर मर्यादा आल्या. तत्पूर्वीच, १९३९ मध्ये, मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना निघाला होता. स्वातंत्र्यानंतर आसनसोल, मद्रासजवळील अंबत्तूर, सोनीपत आणि लुधियाना येथील कारखान्यांनी देशी सायकल मुबलक केली. डेव्हिड अर्नोल्ड या इतिहासकाराने वसाहतकालीन भारतातील शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र, भात-गिरणी आणि सायकल यांचा 'रोजचे तंत्रज्ञान' म्हणून विचार केला आहे. रेल्वे आणि तारायंत्रासारखी मोठी यंत्रे सरकारची होती, ही लहान यंत्रे मात्र लोकांनी स्वतःच्या हाताने वापरली, दुरुस्त केली आणि आपलीशी केली, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा पुण्यासही चपखल लागू पडतो. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे घमेले आणि हवेचा पंप घेऊन बसलेला पंक्चरवाला आणि तासाच्या भाड्याने सायकल देणारे दुकान या दोन संस्थांनी हे यंत्र खऱ्या अर्थाने सार्वजनिक केले. भाड्याच्या सायकलीवर मधल्या दांडीखालून पाय घालून, 'कात्री' मारत शिकलेल्या पिढ्या आपल्या प्राध्यापकवर्गातही पुष्कळ आहेत.

पुण्याची भौगोलिक रचना या वाहनास अनुकूल होती. टेकड्यांनी वेढलेले असले तरी पेठांचे शहर बहुतांशी सपाट, हवा समशीतोष्ण आणि अंतरे माफक. शनिवारवाड्यापासून डेक्कन जिमखाना वा लष्कर भाग दोन-चार किलोमीटरच्या टप्प्यात येतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) जाणारा कामगार पेठेतून निघून अर्ध्या-पाऊण तासात कामावर हजर होऊ शकत असे. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स खडकीस आले, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५० च्या दशकात पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पाळीचा भोंगा आणि महाविद्यालयाची घंटा या दोन्ही वेळांना सायकलींचे लोट रस्त्यावर उतरत. शहराची सार्वजनिक बससेवा या लोकसंख्येस पुरी पडणारी नव्हती. ती उणीव सायकलीने भरून काढली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्या काळातील रस्ते सायकलस्वारांसाठी 'सुरक्षित केलेले' नव्हते. खड्डे होते, दिवे अपुरे होते, अपघातही होत. तथापि टांगा, बैलगाडी, हातगाडी, पादचारी आणि तुरळक मोटारी यांच्या मिश्रणात रस्त्याचा एकंदर वेग सायकलीच्या वेगाहून फारसा निराळा नव्हता. ताशी बारा ते पंधरा किलोमीटर वेगाने जाणारा माणूस रस्त्याच्या मध्यभागी असला तरी तो कोणाच्या वाटेत येत नसे. त्याची सुरक्षितता रस्त्याच्या रचनेतून आलेली नव्हती. ती संख्येतून आणि वेगाच्या समानतेतून आपोआप आलेली होती. जी गोष्ट आपोआप मिळते ती जपण्याची व्यवस्था कोणी करीत नाही, आणि पुण्यात नेमके हेच घडले.

बिल्ला, कंदील आणि डबल सीट

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. ज्या कायद्यान्वये ती चालते त्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ (आजचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) याच्या कलम १२७ मध्ये महापालिकेने बसवावयाच्या करांची यादी आहे. त्यात मालमत्ता करापाठोपाठ 'वाहने, होड्या आणि जनावरे' यांवरील कर येतो. सायकल याच सदरात मोडत असे. मोटारगाड्यांवरील कर ही राज्य शासनाची बाब होती आणि १९५८ च्या स्वतंत्र कायद्याने ती अधिक पक्की झाली. परिणामी नगरपालिकेच्या वाहनकराचा भार सायकल, टांगा आणि हातगाडी अशा इंजिनविरहित वाहनांवर पडला. शहरात जे वाहन रस्त्याची सर्वांत कमी झीज करते त्याच्या मालकाने स्थानिक कर भरून धातूचा बिल्ला घ्यावा, तो सायकलीस लावावा आणि मुदत संपताच नवा घ्यावा, अशी ही व्यवस्था होती. जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात असा बिल्ला आजही क्वचित हाती लागतो. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तो एक बोलका दस्तऐवज होय.

कराच्या जोडीला नियम होते. सूर्यास्तानंतर सायकलीला दिवा हवा. प्रथम घासलेटचा कंदील, पुढे डायनॅमो. एका सायकलीवर दोघांनी बसणे, म्हणजेच 'डबल सीट', हा गुन्हा. चौकात पोलीस दिसताच मागच्याने उडी मारावयाची, दोघांनी साळसूदपणे सायकल हातात धरून चालावयाचे आणि चौक ओलांडताच पुन्हा टांग मारावयाची, ही पुणेकरांच्या दोन-तीन पिढ्यांची सामाईक आठवण आहे. मराठी विनोदी साहित्याला तिने भरपूर खाद्य पुरविले. परंतु विनोद बाजूस ठेवून पाहिले असता या नियमांचे स्वरूप एकमार्गी होते असे म्हणावे लागते. सायकलस्वाराने काय करू नये याची यादी दीर्घ होती. त्याच्यासाठी रस्ता कसा असावा, चौकात त्याला प्राधान्य असावे काय, शाळेसमोर मोटारीने वेग किती ठेवावा, या प्रश्नांना त्या यादीत स्थान नव्हते. दिव्याचा नियम त्याच्या हिताचा होता हे मान्यच आहे. तथापि रस्त्यावरील दिव्यांची जबाबदारी असलेल्या संस्थेने अंधारात चाचपडणाऱ्या नागरिकाकडे कंदील मागावा, यातील गंमत त्या काळीही काहींच्या लक्षात आली असेल.

ही बिल्ल्यांची पद्धत पुढे बंद पडली. सायकलस्वाराला तो दिलासाच होता. मात्र तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिचा विचार पुढे केला आहे.

वेगाचे स्थित्यंतर

पुण्यातील सायकलीचा ऱ्हास मोटारीने घडविला नाही. तो मोटार लावलेल्या दुचाकीने घडविला, आणि ती दुचाकी पुष्कळ अंशी याच परिसरात जन्मास आली. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील स्कूटरसाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे. परवाना पद्धतीच्या काळात ती मध्यमवर्गाची महत्त्वाकांक्षा होती, रोजचे वाहन नव्हे. निर्णायक बदल घडविला तो १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेल्या 'लुना'ने. पन्नास सीसी इंजिनाच्या या मोपेडला पायडलही होते. बंद पडली तर सायकलीसारखी मारता येईल, हा दिलासा त्यात होता. सायकल आणि मोटारसायकल यांच्यामधला हा पूल ओलांडणे सायकलस्वाराला सोपे गेले. पुढल्याच वर्षी, १९७३ मध्ये, जागतिक तेलसंकट आले. पेट्रोल महागले, आणि थोड्या पेट्रोलवर लांब पल्ला गाठणाऱ्या मोपेडचे आकर्षण त्यामुळे वाढले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परकीय सहकार्याने आलेल्या नव्या दुचाक्यांनी प्रतीक्षायादीच संपुष्टात आणली.

या स्थित्यंतरात आणखी एक सूक्ष्म फेरबदल झाला. सायकलीवर जे 'डबल सीट' बेकायदा होते ते मोटार लावलेल्या दुचाकीवर कायदेशीर होते. मोटारवाहन कायद्याने चालकामागे एका व्यक्तीस बसण्यास परवानगी दिली आहे. पत्नीस मागे बसवून मंडईत जाणारा, मुलाला शाळेत सोडणारा कुटुंबवत्सल पुणेकर लुनावर बसताच गुन्हेगार राहिला नाही. कायद्याने सायकलीची कुटुंबवाहक म्हणून असलेली उपयुक्तता नाकारली होती. तीच इंजिनाला बहाल केली.

भाषेनेही हा बदल टिपला आहे. जुन्या मराठी लेखनात सायकलीस 'पायगाडी' आणि 'दुचाकी' असे दोन्ही शब्द आढळतात. आज 'दुचाकी' म्हटले की स्कूटर वा मोटारसायकल एवढाच अर्थ होतो. सायकल त्या शब्दातून बाहेर ढकलली गेली आहे. याउलट 'सायकल स्टँड' हा शब्द टिकून आहे, परंतु त्या जागेत सायकली नाहीत. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत या नावाचे पत्र्याचे छप्पर आढळेल. त्याखाली मोटारसायकली उभ्या असतात आणि एखाददुसरी सायकल भिंतीला टेकवलेली असते. ती बहुधा शिपाई किंवा पहारेकरी यांची असते.

या ठिकाणी एक सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल. मोटारदुचाकीच्या प्रसाराकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे एकांगी होईल. विशेषतः स्त्रियांच्या संदर्भात ही गोष्ट महत्त्वाची आहे. इरावती कर्वे यांनी १९५० च्या दशकात पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविली, याचा उल्लेख आजही कौतुकाने होतो. लेडीज सायकलीने मुलींना शाळा-कॉलेजापर्यंत नेले होते. मोपेड आणि विनागिअरच्या स्कूटरने नोकरदार स्त्रीला शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत, साडी नेसून, उशिरा रात्रीही परत येता येईल असे स्वातंत्र्य दिले. ज्या शहराने भरवशाची बससेवा दिली नाही त्याने या निवडीबद्दल तिला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न निवडीचा नसून, ही निवड न करणाऱ्या वा करू न शकणाऱ्या माणसाचे रस्त्यावर काय झाले, हा आहे.

त्याचे झाले ते असे. रस्त्याचा वेग ताशी पंधरावरून चाळीस-पन्नासवर गेला. वाहतूक सुरळीत ठेवण्यासाठी एकेरी मार्गांची योजना झाली. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता, फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता अशा जोड्या ठरल्या. लक्ष्मी रस्ताही एकेरी झाला. इंजिनाला एक किलोमीटरचा वळसा म्हणजे मनगटाची किंचित पिळवट. पायांनी चालणाऱ्या वाहनाला तोच वळसा चार-पाच मिनिटांचा आणि घामाचा असतो. म्हणून सायकलस्वार उलट दिशेने कडेकडेने जाऊ लागला आणि पुन्हा एकदा नियमभंग करणारा ठरला. एकेरी मार्गामुळे समोरून येणाऱ्या वाहनांचा अडथळा गेला, वेग वाढला आणि रस्ता ओलांडणे कठीण झाले. चौकात सिग्नलविना सतत मोकळे ठेवलेले डावे वळण हे तर सरळ जाणाऱ्या सायकलस्वारासाठी सर्वांत धोक्याचे स्थान होय, कारण वेगाने डावीकडे वळणारे वाहन त्याला उजवीकडून कापते. हे सर्व निर्णय वाहतुकीच्या सोयीसाठी, सद्धेतूने घेतले गेले. त्यांपैकी एकाही निर्णयाच्या वेळी सायकलस्वाराची बाजू मांडणे कोणाचेही काम नव्हते.

हे अटळ होते काय? : नेदरलँड्सचा अनुभव

पुण्यात जे घडले ती प्रगतीची नैसर्गिक परिणती होती काय, याचा निर्णय केवळ पुण्याकडे पाहून करता येणार नाही. यासाठी ज्या देशात हीच प्रक्रिया आपल्या आधी सुरू झाली आणि मध्येच उलटली त्या नेदरलँड्सचे उदाहरण उपयुक्त आहे. डच माणूस जन्मजात सायकलप्रेमी असतो असा आपला समज असतो. वास्तविक १९५० नंतरच्या पाव शतकात तेथेही मोटारी वाढल्या आणि सायकलीचा वापर झपाट्याने घटला. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मरण पावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. १९७२ मध्ये 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाच्या नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. १९७३ चे तेलसंकट तेथेही आले. त्या वर्षी ४ नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवण्यात आल्या आणि मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७६ मध्ये निवासी गल्ल्यांत मोटारीने पादचाऱ्याच्या गतीने चालावे असा नियम कायद्यात आला. ज्या तेलसंकटाने पुण्यात मोपेडची वाट प्रशस्त केली त्याच संकटाने तेथे सायकलीला पुन्हा रस्त्यावर आणले, ही बाब चिंतनीय आहे.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो पुढील दशकातील प्रयोग. १९७० च्या दशकात हेग आणि टिल्बर्ग या शहरांत शासनाने मोठा खर्च करून एकेक आदर्श सायकलमार्ग बांधला. मार्ग उत्तम होते. परंतु शहरातील एकूण सायकलवापरात त्यामुळे अपेक्षित वाढ झाली नाही. आसपासचे सायकलस्वार त्या मार्गावर सरकले, इतकेच. त्यानंतर १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहरात निराळा विचार झाला. एकच देखणा मार्ग बांधण्याऐवजी शहर, विभाग आणि गल्ली अशा तीन पातळ्यांवर परस्परांशी जोडलेले जाळे विणण्यात आले. बरेचसे काम किरकोळ होते : एखादा छोटा पूल, एखादा भुयारी रस्ता, एकेरी गल्लीतून सायकलीस उलट जाण्याची मुभा, चौकातील एक तुटलेला दुवा सांधणे. येथे सायकलवापर वाढल्याचे आढळून आले. मार्ग आणि जाळे यांतील हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने कळीचा आहे. डच शासनाची आर्थिक ताकद, तेथील हवा किंवा शहरांचा आकार यांची तुलना आपल्याशी करता येणार नाही, हे उघड आहे. पण तुटलेला दुवा सांधण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही.

२००६ नंतरचे सायकलमार्ग

भारतात सायकलस्वाराचा धोरणात्मक उल्लेख ठळकपणे झाला तो २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात. वाहने हलविण्याऐवजी माणसे हलविण्यास प्राधान्य द्यावे, असे त्याचे सूत्र होते. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानामुळे निधीही आला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज ते हडपसर मार्गावर पुण्याची जलद बससेवा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि तिच्या जोडीने रस्त्याच्या कडेने सायकलमार्ग बांधले गेले. २०१६ मध्ये महापालिकेने रस्तारचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा सर्वसाधारण सभेत संमत झाला. कागदावरील प्रगती निश्चितच लक्षणीय होती. बिल्ला मागणाऱ्या संस्थेने आराखडा करावा, हा सहा दशकांतील मोठा पालट होय.

प्रत्यक्षात उतरलेले मार्ग मात्र हेग-टिल्बर्गच्या वळणाचे, आणि त्याहूनही अपुरे निघाले. पदपथाच्या उंचीवर पेव्हर ब्लॉक बसवून केलेला पट्टा, दर पन्नास-शंभर पावलांवर एखाद्या इमारतीच्या फाटकासाठी उतार, मध्येच विजेचा डबा, झाड, बसथांबा वा उभ्या केलेल्या गाड्या. आणि जेथे संरक्षणाची सर्वाधिक गरज तेथे, म्हणजे चौकात, मार्ग संपतो. चौकाच्या पलीकडे तो पुन्हा सुरू होतो. दोन चौकांमधला सरळ रस्ता सायकलस्वाराला तुलनेने कमी धोक्याचा असतो. खरा धोका वळणाऱ्या वाहनांचा. म्हणजे ज्या भागात मार्गाची गरज कमी तेथे तो आहे, जेथे जास्त तेथे नाही. मोटारदुचाकीस्वारांना अडविण्यासाठी तोंडाशी खुंट रोवावेत, तर दुधाचे कॅन वा गॅसची टाकी लादलेली सायकल त्यांमधून जात नाही. न रोवावेत, तर गर्दीच्या वेळी तो मार्ग स्कूटरींचा जवळचा रस्ता होतो. बससेवेच्या त्या प्रायोगिक मार्गिकाही पुढे काही ठिकाणी काढून टाकल्या गेल्या.

डिसेंबर २०१७ मध्येच औंध परिसरात मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकलींची योजना सुरू झाली आणि वर्षभरात अनेक खासगी कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. काही काळ शहर रंगीबेरंगी सायकलींनी भरले. दोनेक वर्षांत त्यांतील बहुतेक योजना गुंडाळल्या गेल्या आणि मोडक्या सायकली पदपथांवर पडून राहिल्या. तासावर सायकल देणाऱ्या जुन्या दुकानदाराशी तुलना केली असता फरक सहज ध्यानात येतो. तो गिऱ्हाइकाला ओळखत असे आणि रोज रात्री प्रत्येक सायकलीची हवा स्वतः तपासत असे.

या कालखंडातच पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या छत्तीस लाखांच्या पुढे जाऊन शहराच्या लोकसंख्येला ओलांडून गेल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या आकड्यात सायकल नाही. ती नोंदलीच जात नाही. परंतु ती नाहीशी झालेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि २१ टक्के कुटुंबांकडे मोटारदुचाकी. पुण्यात आज सायकलीवर दोन निरनिराळ्या जगांतील माणसे आढळतात. एक, सकाळी हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारा हौशी सायकलपटू. दुसरा, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळीहून परतणारा पहारेकरी, बांधकामावरचा मजूर, इस्त्रीचे कपडे पोहोचविणारा. पहिल्याची संघटना आहे, तो सभेस येतो, त्याचे निवेदन छापून येते. दुसरा अंधारात निघतो आणि अंधारात परततो. आराखड्यांतील नदीकाठचे, उद्यानालगतचे मार्ग पहिल्याला आवडतील. दुसऱ्याला संगमवाडीहून शिवाजीनगरला जाताना चौक जिवंत ओलांडावयाचा असतो.

वास्तविक जुन्या पुण्यापुरते बोलावयाचे तर जाळे नव्याने विणण्याची गरजच नाही. पेठांतील बोळ आणि आळ्या हे शंभर-दीडशे पावलांच्या अंतराने परस्परांना छेदणारे जाळे आजही शाबूत आहे. त्यातील वेग आजही सायकलीचाच आहे. तुटलेले दुवे आहेत ते हे बोळ लक्ष्मी, टिळक, बाजीराव आणि शिवाजी या रस्त्यांना जेथे मिळतात तेथे. तेथे उंचवटा घालून वाहनांना सावकाश करावे, ओलांडण्याची सोय करावी आणि एकेरी बोळांतून सायकलीला उलट जाण्याची कायदेशीर मुभा द्यावी. जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तेथे वेगमर्यादा ताशी तीस किलोमीटर असावी, ही शिफारस फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आली आहे. पेठांत तिची अंमलबजावणी करण्यासाठी फार मोठा खर्च येईल असे नाही. उपनगरांचा प्रश्न बिकट आहे. १९९७ मध्ये तेवीस गावांचा बराचसा भाग शहरात आला तो शेतीच्या बांधांवरून वाढलेल्या तुटक रस्त्यांसह. तेथे एका वसाहतीतून शेजारच्या वसाहतीत जाण्यासही मुख्य रस्त्यावर यावे लागते, आणि शाळा दीड किलोमीटरवर असूनही पालक मुलाला सायकलीवर धाडत नाहीत. त्यांची भीती रास्त आहे.

आता वर सूचित केलेल्या मुद्द्याकडे. बिल्ल्याची पद्धत अन्यायकारक होती, परंतु तिचा एक आनुषंगिक लाभ होता : शहरात सायकली किती आहेत हे महापालिकेस ठाऊक असे. बिल्ला गेला आणि मोजणीही गेली. वाहतुकीची सर्वेक्षणे बहुधा कार्यालयीन गर्दीच्या वेळी आणि मोठ्या चौकांत होतात. पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळात, पुलांवरून जाणारा सायकलस्वार त्यांत फारसा येत नाही. हे काम आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकड्यांनी वर्षातून दोनदा, एक पावसाळ्यात व एक हिवाळ्यात, संगम पूल, बंडगार्डन पूल, म्हात्रे पूल आणि दापोडीचा हॅरिस पूल येथे पहाटे व रात्री पाळी सुटण्याच्या वेळी मोजणी करावी. स्त्री किंवा पुरुष, अंदाजे वय, सायकलीवर लादलेला माल, मागे बसलेली व्यक्ती, उलट दिशेने जात असल्यास कोणत्या ठिकाणापासून, एवढी पाच-सहा रकान्यांची नोंद पुरेशी आहे. भूगोल आणि अर्थशास्त्र विभागांनी ती नकाशावर मांडावी आणि प्रभाग समितीच्या बैठकीत दर वर्षी सादर करावी. शेवटच्या रकान्यातून एकेरी मार्गांमुळे तुटलेले दुवे नेमके कोठे आहेत हे आपोआप दिसेल.